टिपणीस मावशींचं टेबल

कुणाचाही लॅपटॉप उघडण्याआधी टिपणीस मावशी हातातल्या बांगड्या काढून एका स्टीलच्या वाटीत ठेवत. मग हात धुऊन कोरडे करत आणि टेबलावर जुन्या कॅलेंडरचा कागद उलटा पसरत. त्यावर लॅपटॉप ठेवून पेन्सिलीनं त्याच्याभोवती रेघ ओढत, लहान मुलं वहीवर आपला पंजा ठेवून ओढतात तशी. जो स्क्रू जिथून निघाला तो कागदावर तिथेच ठेवायचा.

"सगळे सारखे दिसतात गं, लांबी सारखी नसते," त्या म्हणत. "लांब स्क्रू आखूडाच्या जागी पिळला की खालचा बोर्ड गेला. दुरुस्तीला आलेल्या निम्म्या यंत्रांचा आजार म्हणजे आधीचा दुरुस्तीवाला."

त्या टेबलाच्या जवळपास चहा आणायला परवानगी नव्हती. चहा आतल्या खोलीत, उभ्यानं प्यायचा. एकदा एक वकील कप हातात घेऊन बाहेर आले, तर मावशींनी त्यांना तसंच उलटं आत पाठवलं होतं.

कर्जतच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. बाहेर पाटी नव्हती. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी भिवपुरीच्या वीजघरात काढली होती. मीटर आणि बिघाड होताच वीज तोडणारी उपकरणं तपासणं हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर शेजारच्यांचा एक कॉम्प्युटर त्यांनी उघडून पाहिला आणि मग गावातले कॉम्प्युटर त्यांच्याकडे यायला लागले. त्या विकत काहीच नसत. म्हणूनच बहुधा लोक त्यांचं ऐकत.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती एक यादी घेऊन. आमची तीन माणसांची छोटी संस्था. खालापूर आणि कर्जतच्या वाड्यांचे नकाशे करायचे, ड्रोननं काढलेले शेकडो फोटो जोडून. जुन्या लॅपटॉपवर एका वाडीचा नकाशा जुळायला दीड दिवस लागायचा आणि मधेच तो बंद पडायचा. नवा घ्यायचा ठरला आणि निवड माझ्यावर आली. मी चार रात्री इंटरनेटवर वाचून सात लॅपटॉपांची यादी केली होती. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठीत बोलायचं म्हटलं की मी आधी वाक्य मनात जुळवते, तोवर समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असतो. म्हणून मी बोलण्याऐवजी कागदच पुढे केला.

मावशींनी तो वाचला नाही. घडी घालून पेपरवेटखाली ठेवला.

"आधी काम सांग. यंत्राचं मागाहून."

मी सांगितलं. किती फोटो, किती वेळ, कुठे बसून, तिथे वीज असते का, तिथवर चालत जावं लागतं का. त्यांनी विचारलेले सगळे प्रश्न असेच होते. माझं वय, लग्न, आडनाव, वडील काय करतात, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. मला ते फार बरं वाटलं. कर्जतमध्ये असं घर सापडणं सोपं नाही.

सगळं ऐकून त्या आत गेल्या आणि तराजू घेऊन आल्या. पोशीरच्या तांदळाचे चार किलो त्यांनी एका पिशवीत मोजून घातले आणि तोंड दोऱ्यानं बांधलं.

"तुझ्या यादीतल्या पहिल्या लॅपटॉपचं वजन चार्जरसकट एवढं असतं," त्या म्हणाल्या. म्हणजे यादी त्यांनी एका नजरेत वाचली होती. "हे आठ दिवस पाठीवर घेऊन फीर. वाडीवर जाशील तिथे ने. पाण्याची बाटली, छत्री, डबा, जे रोज नेतेस ते काढायचं नाही."

मी पिशवी हातात घेऊन उचलून पाहिली.

"कागदावर कुठलंही वजन झेपतं गं."

मी ते तांदूळ खरोखर वाहिले. पळसदरीला नेले, खालापूरला नेले, डोंगराखालच्या दोन वाड्यांवर चढवले. पाचव्या दिवशी घरी आल्यावर मी कुणाचं लक्ष नाही असं बघून एक किलो तांदूळ डब्यात ओतले. आठव्या दिवशी मावशींनी पिशवी तराजूत ठेवली, काटा पाहिला, आणि पेपरवेटखालची यादी काढून पहिल्या तीन नावांवर काट मारली.

"खांदा खोटं बोलत नाही," एवढंच म्हणाल्या. तांदूळ त्यांनी परत घेतले नाहीत. "पेज कर. छान होते त्याची."

उरलेल्या चारांतून निवडायला आम्ही पनवेलच्या एका दुकानात गेलो. दुकानातला मुलगा उत्साही होता. त्यानं आधी एक लॅपटॉप पुढे केला, त्याच्या कीबोर्डखाली सात रंगांचे दिवे फिरत होते.

"नकाशे अंधारात काढणार आहे का ही?" मावशींनी विचारलं.

"नाही आंटी, गेमिंगचा आहे, सगळ्यात पॉवरफुल. यात काय काय आहे ते कार्डावर लिहिलंय बघा."

"कार्डावर पहिल्या पाच मिनिटांचं लिहिलेलं असतं बाळा. आम्हाला पहिला तास बघायचाय."

त्यांनी माझ्याकडे हात केला आणि मी पेनड्राइव्ह दिला. त्यात आमच्या कामाचेच फोटो होते. ते जोडायचं काम सुरू करून मावशी तासभराच्या तयारीनं स्टुलावर बसल्या. दर दहा मिनिटांनी त्या हाताची मागची बाजू लॅपटॉपच्या तळाला लावत, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी. दुकानातल्या मुलानं सरबत आणलं, ते त्यांनी उचलून लांबच्या काउंटरवर नेऊन ठेवलं. पस्तीस मिनिटांनी दिवेवाल्याचा पंखा ओरडायला लागला आणि काम मंदावलं.

"दमला," मावशी म्हणाल्या. "पुढचा आण."

शेवटी जो घेतला तो दिसायला अगदी सामान्य होता. काळपट, जाडसर, कोपऱ्यांना गोलाई. पण त्यात नकाशासाठी लागणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं, मेमरी नंतर वाढवता येत होती, खालचं झाकण साध्या स्क्रूड्रायव्हरनं निघत होतं आणि तासाभरानंतरही त्याचा वेग तोच होता. दुकानातला मुलगा म्हणाला, "आंटी, तुम्ही आमच्याकडे कामाला या." मावशी म्हणाल्या, "तुझे निम्मे लॅपटॉप विकले जाणार नाहीत मग."

त्यांच्याकडे येणाऱ्या माणसांत मला सगळ्यात जास्त आठवतो तो नरेश. लग्नांचे व्हिडिओ करणारा, पोशीरचा. तीस-बत्तीस वर्षांचा, गळ्यात नेहमी कॅमेऱ्याचा पट्टा. ऐन लग्नसराईत त्याचा लॅपटॉप दर अर्ध्या तासानं बंद पडायला लागला. मी माझं काहीतरी विचारायला गेले होते आणि कोपऱ्यात बसले होते.

"ठेवतोस कुठे हा?" मावशींनी विचारलं.

"गादीवर, मावशी. रातभर एडिटिंग, मग पाठ दुखते ना, लोळूनच करतो. आईनं कव्हर पन शिवलंय त्याला, मखमलीचं. चालू असतानाच घालून ठेवतो, धूळ नाय जात."

मावशींनी तळाचं झाकण काढून आत पाहिलं. मग म्हणाल्या, "आईला म्हणावं, शाल नवरदेवाला पांघरा. हा बिचारा खालून श्वास घेतो, त्याचं नाक तू गादीत दाबलंस आणि वरून मखमल."

पंख्याच्या पात्यांवर बसलेला कापूस त्यांनी चिमट्यानं काढून त्याच्या तळहातावर ठेवला. मग स्वयंपाकघरातून पापड भाजायची जाळी आणून दिली. "याच्यावर ठेवत जा. चारही बाजूंनी वारं लागेल."

"आन तुमच्या पापडांचं काय?"

"तुझ्या लग्नात खाईन. उरक आता."

जाताना त्याला त्यांनी आणखी एक सांगितलं. ते त्या सगळ्यांनाच सांगत. "दोन प्रती, दोन पिशव्या." केलेलं काम लॅपटॉपशिवाय आणखी एका ठिकाणी असलं पाहिजे आणि ती दुसरी जागा त्याच पिशवीत असता कामा नये. "लॅपटॉप परत मिळतो रे. कुणाचं लग्न परत नाही लागत."

मी ते दर वेळी ऐकत होते. दर वेळी मान हलवत होते. एका शनिवारी विसरले.

खालापूरच्या डोंगराखाली कातकऱ्यांची एक वाडी आहे, एकतीस घरांची. लोक तिथे तीन पिढ्या राहतात, पण घराखालची जागा त्यांच्या नावावर नव्हती. ती मिळावी म्हणून अर्ज झाला होता आणि सोमवारी तहसील कार्यालयात सुनावणी होती. त्या दिवशी प्रत्येक घरावर राहणाऱ्याचं नाव असलेला नकाशा दाखवायचा होता. तो नसता तर प्रकरण पुढच्या तारखेवर गेलं असतं, आणि जमिनीचा मूळ मालक कुंपण घालायच्या बेतात होता. वाडीतल्या लखूदादांना सगळ्यात जास्त धास्ती त्या कुंपणाची होती. खांब येऊन पडले होते.

शनिवारी मी लॅपटॉप घेऊन वाडीच्या समाजमंदिरात बसले. बाहेर पावसाळा भरात होता. बाया माझ्याभोवती दाटीनं बसून पडद्यावर बोट ठेवत होत्या.

"त्यो निळा पत्रा माजा हाय."

"अगं, गोठा हाय त्यो."

"गोठा मंग माजाच ना. बाजूचं घर बग."

एक म्हातारी, बायजाबाई, आपलं घर वरून कधी पाहिलेलं नव्हतं म्हणून तीनदा चुकीच्या घरावर बोट ठेवून हसत होती. लखूदादांची बायको सोनी सगळ्यांत मोठ्या आवाजात चुका दुरुस्त करत होती. एकतीस नावं भरायला दुपार झाली. अंतिम नकाशा तयार व्हायला वीस मिनिटं उरली असताना लखूदादा दारात आले.

"ताई, निघा आता. ओढ्याला पानी चढलं म्हंजे तुमाला जाता नाय यायचं."

काम थांबवायचं माझ्या जिवावर आलं. झाकण मिटलं तरी लॅपटॉप चालूच राहील अशी सोय मी केली आणि झाकण मिटलं. आमच्याकडे पावसाळ्यात सगळं प्लास्टिकमध्ये जातं. रेशनकार्ड, काडेपेटी, मोबाईल, पोरांचं दप्तर. घट्ट बांधलं की निर्धास्त. मी लॅपटॉपला ठोकर लागू नये म्हणून ओढणी गुंडाळली, ती येताना जरा भिजली होती. सोनीनं खताच्या गोणीतलं जाड प्लास्टिक आणून वरून दोन वेढे दिले आणि सुतळीनं असं बांधलं की थेंब आत शिरणार नाही. शिरलाही नाही. तासभर मी पावसात चालले, मग टेंपो, मग घर.

सुतळी कापली तेव्हा आतून वाफेचा वास आला. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव होतं, ओढणी ओली आणि गरम. लॅपटॉप बंद पडला होता आणि पडद्याच्या काचेआड धुकं दिसत होतं. माझं बोट चालू करायच्या बटणापर्यंत गेलं आणि तिथून मी ते मागे घेतलं. ओढणी काढून लॅपटॉप तसाच हातात धरून मी मावशींकडे गेले. नावांची दुसरी प्रत नव्हती.

मावशी खुर्चीत ताठ बसल्या होत्या, डोळ्यांवर काळा चष्मा. चार दिवसांपूर्वी एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसरा अजून बाकी होता. मला ते माहीतही नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं. मराठी वाक्यं त्या दिवशी जुळवावी लागली नाहीत.

"बटण दाबलंस?"

"नाही."

"दाबलं नाहीस ना?"

"नाही मावशी."

त्यांनी श्वास सोडला. "मग रडायचं नंतर. पाऊस बाहेर होता गं. त्याला बाहेरच ठेवलंस तू. पण चालू यंत्र ओल्या फडक्यात बांधून वरून हवा बंद केलीस, म्हणजे भाकरीच्या टोपलीत होतं तेच झालं. गरम झाकलं की घाम येतो." मग म्हणाल्या, "मला वाकायची मनाई आहे. उघडायचा तुला."

मी म्हणाले मला येत नाही.

"घड्याळ काढ. वाटीत ठेव."

मी काढलं. हात धुतले. कॅलेंडरचा कागद पसरला, पेन्सिलीनं रेघ ओढली. मावशी टेबलापासून हातभर लांब, मान सरळ, एकदाही न वाकता सांगत होत्या. मला वाटतं त्यांना नीट दिसतही नव्हतं. त्या आवाजावरून सांगत होत्या.

"स्क्रू कुरकुरला, जोर नको करू. जरा उलटा फिरव, मग सुलटा."

दहा स्क्रू निघाले. झाकण निघालं. आधी बॅटरीची जोडणी काढायला लावली. आत पंख्याजवळ बारीक थेंब होते, मोहरीएवढे.

"आता स्मरणाची पट्टी, सगळ्या फाइली साठवते ती. च्युइंगमच्या कांडीएवढी असते. एक स्क्रू. तो निघाला की ती आपोआप थोडी उचलली जाईल. कडेला धर."

पट्टी निघाली. मी ती त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती ओठांना लावली, तिथली कातडी सगळ्यात जास्त कळते म्हणे, आणि म्हणाल्या, "कोरडी आहे."

तरी त्यांनी अर्धा तास ती टेबलावर उघडी ठेवली. त्या अर्ध्या तासात मला आत पाठवून चहा करायला लावला आणि तो उभ्यानं प्यायला लावला. मग एका छोट्या डबीत ती पट्टी बसवून त्यांच्या जुन्या जाडजूड लॅपटॉपला जोडली. तो चालू व्हायला वेळ घेतो. मावशींनी त्याच्या उजव्या कोपऱ्यावर दोनदा थोपटलं.

अंतिम नकाशा अर्धवट होता. पण मूळ फाइल उघडली आणि तिच्यात नावं होती. निळा पत्रा, त्याच्या बाजूचं घर, बायजाबाई. मी मोजली. एकतीस. मग पुन्हा मोजली. मी तिथेच जमिनीवर बसले.

"प्रत काढ आधी," मावशी म्हणाल्या. "मग बस."

माझा लॅपटॉप दोन दिवस पंख्यासमोर उघडा ठेवायचा ठरला. रविवारभर नकाशा मावशींच्या लॅपटॉपवर सावकाश जुळत राहिला. सोमवारी तोच न्यायचा होता, आणि मावशींनी तो एकटा पाठवायला नकार दिला.

"ते रुसतं. कुठे थोपटायचं ते मला माहीत आहे."

"पण तुमचा डोळा?"

"डॉक्टरांनी वाकायची मनाई केलीय. बसायची नाही."

खालापूरला वाडीतले बरेच जण आले होते, ठेवणीतल्या कपड्यांत. नायब तहसीलदार तरुण होते. त्यांनी आमची छापील प्रत पाहिली आणि पडद्यावर नकाशा मोठा करून दाखवायला सांगितलं. मावशींनी कोपऱ्यावर थोपटलं. नकाशा उघडला.

"नावं वाचा," साहेब म्हणाले. "ज्याचं घर त्यानं सांगायचं."

मी एक एक घर मोठं करत नाव वाचू लागले. शाळेत हजेरी घेतात तसं झालं ते. माझा आवाज सुरुवातीला मलाच ऐकू येत नव्हता. मागून उत्तरं यायला लागली.

"हाय."

"हाय, सायेब. मी इथं हाय."

"त्यो कामावर गेलाय, मी बायको हाय त्याची."

बायजाबाईचं नाव वाचल्यावर काहीच आलं नाही. मी पुन्हा वाचलं. मग सोनी म्हणाली, "अगं आये, तुजं नाव घेत्यात." म्हातारी म्हणाली, "मंग मी हायेच की. कुटं जातेय?" साहेबही हसले.

मावशी माझ्या शेजारी काळा चष्मा लावून समोर बघत होत्या. पडदा त्यांना दिसत नव्हता. मांडीवर उजव्या हाताचा अंगठा एकेका पेरावरून पुढे सरकत होता. शेवटचं "हाय" आल्यावर त्यांनी तो थांबवला आणि हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं, म्हणाल्या, "भरले."

साहेबांनी नकाशा नोंदीवर घेतला. जागेचा निकाल लागेपर्यंत तिथे कुणी काही बांधायचं किंवा अडवायचं नाही असा आदेश त्यांनी तिथेच लिहायला सांगितला. शिक्क्याची प्रत मिळायला अर्धा तास लागणार होता. लखूदादा माझ्याबरोबर थांबले. बाकीची मंडळी परतीच्या टेंपोत बसली. मावशींना त्यांनी कर्जतपर्यंत सोडायचं ठरलं. वाडीचा फाटा आधी लागतो, पण सोनी म्हणाली, आधी मावशीला घरी पोचवू, आमाला कसली घाई नाय आता.

दोनच महिन्यांनी मावशी मुलीकडे नाशिकला राहायला गेल्या. फोनवर आम्ही बोलतो, बहुतेक वेळा सुकून पुन्हा चालू झालेल्या माझ्या लॅपटॉपबद्दलच. पण त्यांच्याबरोबर काम केलं ते त्या सोमवारी शेवटचं.

शिक्क्याचा कागद हातात आला तेव्हा बाहेर टेंपो सुरू झाला होता. मी पायऱ्यांवर धावत आले आणि कागद उंच धरला. मावशी मागच्या फळीवर दोन बायांच्या मधे बसल्या होत्या, जुना लॅपटॉप सोनीच्या मांडीवर होता. मावशींचा चेहरा माझ्याच दिशेला होता, पण त्यांना काही दिसलं नाही. सोनीनं पाहिलं. ती मावशींच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाली. मावशींनी एकदा मान हलवली. मग डोकं मागे टेकवलं आणि टेंपो फाटकातून वळण्याआधीच त्यांना झोप लागली.